दिवस मावळायच्या आत

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी मिळाली आणि बारा वर्षांनी मी पुण्याहून परत आपल्या जिल्ह्यात आले. नोकरी पक्की व्हायला एक मुलाखत पुरली. राहायचं कुठं, हे ठरायला मात्र दीड महिना लागला, आणि एवढं करून ते चुकलंच.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दृष्टीनं खरं तर हा प्रश्नच नव्हता. शिरोळजवळ आमचं गाव. आई जाऊन दोन वर्षं झालेली, आप्पा घरात एकटे. लग्न मी केलं नाही, आणि त्यावर बोलून बोलून नातेवाइकांची तोंडंही एव्हाना दुखून गप्प झाली होती. तेव्हा पोरगी जिल्ह्यात आली म्हणजे घरी आली, असं आप्पांनी धरूनच टाकलं. मला न विचारता वरच्या खोलीला रंग दिला, गीझर बसवला आणि फोनवर सांगितलं, "पाणी झक्कास तापतंय बघ. थंडीत सकाळी आवराय बरं."

मी तिकडं पुण्यात मोबाइलवर नकाशा ताणून बसले होते. बारा वर्षं ट्रॅफिकमध्ये घालवली की माणूस घर बघत नाही, अंतर बघतो. गावाहून इचलकरंजी, तिथून हुपरी, तिथून कंपनी. गाडीवर सव्वा तास, तोही रस्ता मोकळा असला तर. राजारामपुरीतून मात्र कंपनीची बस होती. पाऊण तास, खिडकीशी बसून, डुलक्या काढत. ती बस आमच्या गावाकडं येत नव्हती.

आमच्या घरची एक रीत इथं सांगायला हवी. आम्ही जैन शेतकरी. दिवस मावळला की आप्पा काही खात नाहीत. त्यामुळं संध्याकाळचं जेवण उजेडात, आणि आई होती तोवर ती घरातली सभाच असायची. उसाची लागण, दुधाचं फॅट, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं त्या ताटावर निघायचं. आई गेली आणि ते ताट एकट्याचं झालं. मी घरी राहायला यावं असं आप्पांना वाटत होतं ते एवढ्याचसाठी. पण आमच्यात असलं कुणी तोंडानं बोलत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "सुटतीस किती वाजता?"

"साडेपाच."

"मग पोचतीस की, दिवस मावळायच्या आत."

मी म्हटलं, एवढं सोपं नाही ते. आप्पांनी वाद घातला नाही. एप्रिल संपत आला होता. त्यांनी एक दिवस जुनी मोटरसायकल काढली आणि सरळ कंपनीच्या गेटसमोर जाऊन चहाच्या गाड्यावर बसले. चहावाल्यानं विचारलं, "कुणाकडं आलाय पावणं?" हे म्हणाले, "कुणाकडं न्हाय, रस्ता बघाय आलोय." साडेपाचला माणसं गेटातून बाहेर पडायला लागली तशी यांनीही किक मारली आणि माणसांबरोबर निघाले. घरी पोचल्या पोचल्या मला फोन. दम लागलेला, पण आवाजात नुसता आनंद.

"उजेडात पोचलो की! हातपाय धुऊन जेवलो बी आसतो."

सत्तरीकडं झुकलेला माणूस माझ्यासाठी ऐंशी किलोमीटर गाडी मारून आला होता. आणि मी काय म्हणाले?

"आप्पा, आत्ता उन्हाळा हाय. दिवाळीनंतर सहाला अंधार पडतोय. त्यात उसाचा सिझन, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ताभर. तवा कसं पोचणार?"

आप्पा म्हणाले, "व्हय, ते बी हाय."

वाद जिंकला म्हणून मला बरं वाटलं होतं. आज त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला भाड्यानं. खाली दवाखाना, शेजारी कोचिंग क्लास, दारात पोरांच्या दुचाक्या अशा लावलेल्या की बाहेर पडायचं म्हणजे कसरत. पण बसचा थांबा दोन गल्ल्या सोडून. सकाळी आरामात उठायचं, संध्याकाळी सव्वासहाला घरात. रोजचा तासभर तरी वाचला. त्या तासात मी काय केलं ते आठवून बघितलं तर मोबाइल, भाजी निवडणं आणि कधीकधी नुसतंच लोळणं. एवढंच निघतं.

दर रविवारी येईन, असं आप्पांना सांगितलं होतं. सुरुवातीला गेलेही. मग एकाआड एक. गेले तरी दुपारचं जेवून चारच्या ठोक्याला निघायचे, कारण सोमवार असायचा. म्हणजे ज्या जेवणासाठी एवढी चर्चा झाली, ते जेवण मी घरी एकदाही जेवले नाही. आप्पांनी कधी टोकलं नाही. आमच्याकडची माणसं तशी मोठ्यानं बोलणारी, पण दुखतं तिथं एकदम मुकी.

वर्ष होऊन गेल्यावर एक दिवस दुपारी कंपनीच्या कँटीनबाहेर आमच्या लॅबमधली एक बाई पर्स खांद्याला लावून निघालेली दिसली. ती इचलकरंजीच्याही पलीकडची. मी म्हटलं, "एवढ्यात कुठं निघालात?"

"सुटले की मॅडम. फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. सात ते साडेतीन. पोरगी शाळेतनं यायच्या आत पोचते."

"देतात?"

"मागितली की देतात. सकाळची कुणाला नको असती, उलट खूश होतात."

ती गेली आणि मी तिथंच कट्ट्यावर बसले. साडेतीनला सुटून सव्वा तास. ट्रॅक्टर धरून दीड तास लागला तरी ऐन थंडीतही ताटावर ऊन असतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशातली गत. वर्षभर ज्या साहेबांशेजारी बसत होते त्यांना एक शब्द विचारला असता तर झालं असतं. का विचारला नाही? विसरून नव्हे. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि मग पहाटे उठून गाडी मारावी लागली असती. ट्रॅक्टर खरे होते, दिवाळीनंतरचा अंधार खरा होता. पण मला राजारामपुरी हवी होती. दार लावलं की कुणी काही विचारणार नाही असं घर हवं होतं. अंतराचं कारण मला आयतं मिळालं होतं.

कळल्यावर तरी हललीस का, असं कुणी विचारेल. नाही हलले. भाडेकरार संपू दे, पावसाळा जाऊ दे, बघू.

त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी उसातून घरात आलं. आप्पांना मी राजारामपुरीत आणलं. पाणी ओसरलं, पण भिंती ओल्या, आप्पांचे गुडघेही गेलेले. मग ते माझ्याकडंच राहिले. मला वाटलं, झालं, आता एकत्रच आहोत. सव्वासहाला मी घरी, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत तरी जेवू सोबत.

पण आमच्या फ्लॅटच्या समोर पाच मजली इमारत आहे. सूर्य चारनंतर तिच्या मागं जातो. गावात आप्पा उसाच्या शेंड्यावरून दिवस किती उरला ते सांगायचे, इथं त्यांना काही दिसेना. मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, सूर्यास्ताची वेळ छापलेली. म्हणाले, "खोटं न्हाय गं ते. पण डोळ्याला दिसत न्हाय की." खोलीत सावली आली की ते स्वयंपाकघरात जाऊन, सकाळची भाकरी घेऊन जेवून टाकायचे. मी बसमधून उतरून धापा टाकत जिना चढायचे तोवर त्यांचं ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. तिथं मला खरी कळ लागली.

मग मी उठले आणि साहेबांकडं गेले. त्यांनी मानही वर न करता सांगितलं, "सोमवारपासून या सातला." वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

त्या सोमवारी साडेचारच्या आत घरी पोचले. सकाळी सांगून गेले होते, म्हणून आप्पा जेवायचे थांबले होते. गरम भाकऱ्या थापल्या, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, दही. दोघं समोरासमोर बसलो. मी बोलत होते. कंपनीतलं, रस्त्यावरचं, काय सुचेल ते. आप्पा खाली मान घालून भराभर जेवत होते. मधे एखादा "हं". माझी अर्धी भाकरी व्हायच्या आत ते उठले, ताट धुतलं.

"आप्पा, बसा की. एवढी काय घाई?"

ते नॅपकिनला हात पुसत उभे राहिले. रागात नव्हते. शेतातलं एखादं काम सांगावं तसं सांगितलं.

"पयला पावसाळाभर थांबून बघितलं, आज येतीस का उद्या येतीस. वाढून घेऊन बसायचो उजेड सरस्तवर. मग म्हटलं, हे खरं न्हाय. एकट्यानं जेवायची सवय लावून घेतली. लई जड गेलं बघ ते. आता परत मोडाय नको."

आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावला. मी ताटापुढं बसून रडले, आवाज न करता. भाकरी तशीच टाकून उठायचं धाडस झालं नाही, म्हणून ती संपवली.

दुसऱ्या दिवशी बस थांब्यावर येताच जवळजवळ पळत सुटले आणि सव्वाचारलाच घरात शिरले. आप्पांचं जेवण झालेलं होतं. माझं ताट वाढून त्यांनी वर झाकण ठेवलं होतं.