आधी वेलांटी

पेण ते रोहा या पट्ट्यात ऱ्हस्व वेलांटीचा सर्वांत जास्त विचार केलेली व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या काकू, हे विधान मी पुरेशी खातरजमा करून करतो आहे. काकू रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जातात. तिथल्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखनाची खुर्ची अनेक वर्षे त्यांच्याकडे आहे. माणसांची नावे त्यांच्या डोक्यात नव्हे, बोटांत राहतात. आमच्याकडे नवी सून आली तेव्हा काकूंनी हवेत बोटे चालवली आणि "कविता ना? छान. हाताला हलकं आहे," असा शेरा दिला. गाडीत खिडकीच्या कडेवर त्या स्टेशने टाइप करीत जातात. पेण, कासू, नागोठणे. निडी आले की डावी तर्जनी आधी उठते, कारण या वाटेवर ऱ्हस्व वेलांटी फक्त निडीलाच आहे.

जुन्या टंकयंत्रावर 'नि' उमटवायचा तर आधी वेलांटी मारायची, मग 'न'. पुढे कार्यालयात संगणक आले, तरी काकूंनी त्यात जुनाच कळफलक बसवून घेतला. "वेलांटी म्हणजे घरातली सासू. तिला आधी बसवायचं, मग बाकीच्यांनी," असे त्या सांगत, स्वतःच्या सासूबाई समोर असल्या तरी सांगत. मग गेल्या वर्षी नवा संगणक आला, तो कुलूपबंद. बाहेरचे काही तो आत घेत नव्हता, पेन ड्राइव्ह ओळखत नव्हता, आणि त्याच्या एकमेव मराठी कळफलकात अक्षर आधी, वेलांटी नंतर. "मॅडम, जुना कळफलक टाकायची मलाच परवानगी नाय," दुरुस्तीला आलेला इंजिनियर म्हणाला. "वर ऑनलाइन अर्ज करा. मराठीतून." अर्ज त्याच संगणकावर करायचा होता. काकूंनी स्वतःचे पद 'कनिष्ठ' लिहिले ते 'किनष्ठ' झाले, आणि अर्जदाराचे पदनाम समजत नाही, या शेऱ्यासह अर्ज परत आला.

बाकीच्या अक्षरांच्या नव्या जागा त्यांनी पंधरा दिवसांत पाठ केल्या. वेलांटी तर दोन्हीकडे डाव्या तर्जनीखालीच होती, पण तिची पाळी काही बदलेना. महिलांच्या 'मिहला' झाल्या, शनिवारचा 'शिनवार'. शिपाई म्हणाला, "बाई, बरोबरच हाय. आठवड्याचा शिन त्याच दिशी जातो." साहेब हसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत पत्र बिनचूक आले नाही तर खुर्ची दुसऱ्याला आणि काकू आवक-जावकच्या टेबलाला, टपालावर शिक्के मारायला, असे त्यांनी सांगितले. त्या संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर बराच वेळ बसल्या. "शिक्क्याला एक मूठ पुरते रे. दहा बोटांचं मी काय करू?"

मग सराव सुरू झाला, तोही गाडीत. नागोठणे सुटले की काकू 'आधी न, मग वेलांटी, आधी न' असे पुटपुटू लागत. रोजच्या डब्यातल्या एका मासळीवालीने चार दिवस ऐकून घेतले आणि विचारले, "आधी नाय नि मंग व्हय? कुनाचा लगीन जमवतेस गो?" डबा हसला, काकूही हसल्या, आणि त्यांनी पुन्हा 'न'पासून सुरुवात केली. महिनाअखेरच्या पत्रात शनिवार तीनदा आला आणि तिन्ही वेळा शनिवारच राहिला. साहेबांनी सही केली. खुर्ची वाचली.

काकूंच्या घरी त्यांचे स्वतःचे टंकयंत्र आहे. गागोद्याच्या थोरल्या बहिणीला हाताचे अक्षर लागत नाही, म्हणून दर महिन्याचे पत्र त्या यंत्रावर निघते. खुर्ची वाचल्यानंतरच्या पत्रावर बहिणीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "अगो, हा 'शनवि' कुठला वार गो? येतेस का नाय?" काकूंनी पत्राची कार्बन प्रत काढली. यंत्रावर त्यांनी आधी 'न' मारला होता, मग वेलांटी, आणि ती पुढच्या 'व'वर जाऊन बसली होती. काकू डाव्या तर्जनीकडे पाहत राहिल्या.

"शनिवारीच येते गो," त्या म्हणाल्या आणि यंत्रावर झाकण घातले.

हल्ली बहिणीला त्या हातानेच लिहितात, मोठे मोठे अक्षर काढून. गाडीत अजूनही पेण, कासू, नागोठणे होते. निडीला मात्र बोटे खिडकीच्या कडेवर अधांतरी थांबतात, आणि गाडी सुटली की रोहा टाइप करतात.