पंच कुठी आहे?

पंचमामांना कुठलीही गोष्ट विचारली की ते आधी तिची चतुःसीमा सांगत. कालचं लग्न कसं झालं असं विचारावं, तर उत्तर यायचं, "मांडवाच्या पूर्वेले शाळेची भिंत, पश्चिमेले डांबरी रस्ता, उत्तरेले आचाऱ्याची भट्टी, दक्षिणेले मोकळी जागा." नवरी आणि जेवण यांचा नंबर त्यानंतर लागायचा, तोही ऐकणाऱ्यात दम उरला असेल तर. माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी पाहायला आईनं त्यांना मुद्दाम पाठवलं होतं, कारण माणूस बारकाईनं बघणारा. परत आल्यावर मामांनी दारं-खिडक्या मोजून सांगितल्या, कोनाड्यात पितळी समई आहे हे सांगितलं, अंगणातल्या लिंबाचा घेर सांगितला. "आन् पोरगी?" आईनं विचारलं. मामा जरा थांबले. "पोरगी पोहे घेऊन आल्ती. पोह्यात शेंगदाणे होते." आईनं कपाळावर हात मारून घेतला.

हे वळण त्यांना पंचनाम्यांनी लावलं होतं. वडनेर भोलजीच्या पलीकडे, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथं पोलीस चौकीच्या बरोबर समोर मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाला लागून बाबारावांचं चहाचं हॉटेल. गुन्ह्याच्या जागी काय दिसलं, काय जप्त केलं, हे पोलिसांनी दोन त्रयस्थ माणसांसमोर लिहायचं आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या, अशी रीत आहे. ते दोघे म्हणजे पंच. जमादार कागद घेऊन चौकीबाहेर पडला की गावातले भले भले लोक अचानक शेताकडे निघत. मामा मात्र सोल्डरिंगची कांडी बंद करून, टोपी चढवून तयार असत. दुसरा माणूस म्हणून शेजारचे बाबाराव, तेही कुरकुरत. चोरी, अपघात, जळालेली कडब्याची गंजी, विहिरीतलं प्रेत, सगळीकडे हीच जोडी. मामा बहिणीच्या गावी येऊन राहिलेले, म्हणून सगळ्या गावाचे मामा. पंचनाम्यांमुळे त्यांचे पंचमामा झाले आणि खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

मामांची दुसरी खोड म्हणजे वाचणं. पुस्तकं नव्हे, कागद. सही करायची तर कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग तो गॅस सिलिंडरच्या पावतीचा का असेना. बँकेत ते फॉर्म वाचायला उभे राहिले की मागची रांग हळूहळू दुसऱ्या खिडकीकडे सरकायची. एकदा भर उन्हात, कुणाच्या तरी शेतात प्रेताशेजारी उभं राहून ते पंचनामा वाचत होते आणि जमादार घाम पुसत होता. "आटपा ना मामा," तो म्हणाला. मामांनी मान वर न करता सांगितलं, "मुडदा काही पळून नाही चालला साहेब. वाचू द्या."

या वाचण्यानंच त्यांचा घात केला. गावात एक खून झाला होता. संशयिताच्या घराची झडती झाली, दोन्ही पंच हजर होते. बाहेर येऊन जमादारानं कागद पुढे केला. बाबारावांचं दूध चुलीवर होतं. त्यांनी झटक्यात सही ठोकली आणि पळाले. मामा वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं की धान्याच्या कोठीतून रक्तानं माखलेला सुरा पंचांसमक्ष काढला. मामा म्हणाले, "सुरा म्या पाह्यला नाही." जमादारानं समजावलं, मग दरडावलं. मामा त्या एका वाक्यावरून हलले नाहीत. पुढे कोर्टातही त्यांनी तेच सांगितलं आणि माणूस सुटला.

त्या दिवसापासून गावात एक शब्द फिरायला लागला: फितूर. पंच फितूर झाला, समोरच्या पार्टीला घाबरला. चौकीनं मामांना बोलावणं बंद केलं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण मामांना सगळं कळत होतं. मी एकदा विचारलं, "मामा, त्यानंच मारलं होतं का?" ते म्हणाले, "मारलं का नाही, मले मालूम नाही. सुरा पाह्यला नाही, तेवढं मालूम आहे." आणि बाबारावांचं काय, असं विचारल्यावर त्यांनी समोरच्या रेडिओची बटणं उगाच फिरवली. बाबारावांचा चहा ते रोज दोन वेळा घेत. त्या सुऱ्याबद्दल दोघांमध्ये इतक्या वर्षांत एक अक्षरही निघालं नव्हतं.

मी मुंबईला जाऊन वेब सिरीजच्या लेखनात हातभार लावायला लागलो. हातभार म्हणजे मोठे लेखक बोलत तेव्हा टिपणं काढायची आणि ते थकले की प्रसंग लिहायचे. तोवर गावात स्वस्त डेटा आला होता आणि मामांना क्राइम सिरीजचा नाद लागला होता. दुकानात दुरुस्तीला आलेल्या टीव्हीची परीक्षा म्हणून ते एखादी सिरीज लावत आणि अख्खा भाग संपेपर्यंत तो टीव्ही काही दुरुस्त होत नसे. मग मला फोन यायचा. "तुमच्या त्या हिरोनं रुमालात पिस्तूल उचललं आन् खिशात घातलं. पंच कुठी आहे?" प्रेत सापडो, बंगल्यावर धाड पडो, समुद्रातून पेटी निघो, मामांचा प्रश्न एकच. सगळ्या देशात इतके खून होत होते आणि एकाही खुनाला पंच नव्हता, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

आमच्या सिरीजचं शूटिंग लोणारला होतं. सरोवराच्या काठावरच्या झाडीत प्रेत सापडतं, असा प्रसंग. मी मामांना बोलावलं, ते दोन बस बदलून आले. आल्या आल्या त्यांनी प्रेताभोवती पावलांनी अंतर मोजायला सुरुवात केली. प्रेतानं एक डोळा उघडून विनंती केली, "काका, माझ्या हातावर पाय देऊ नका." मामा दचकले, पण मोजणी अर्धवट सोडली नाही. मग दिग्दर्शक बाईंकडे जाऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, सगळं झकास आहे. पंच कुठी आहे?" बाईंना पंच हा प्रकारच माहीत नव्हता. जेवताना मामांनी त्यांना सगळं सांगितलं, सुऱ्याची गोष्टसुद्धा. बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "हे लिही. जसंच्या तसं."

मी लिहिलं, पाचव्या भागासाठी. आजवर मी जे काही लिहिलं त्यातला तो एकच प्रसंग चांगला होता. मामांनी गावभर सांगून टाकलं की आता खरं काय झालं ते सगळ्यांले टीव्हीवर दिसंन. इतकी वर्षं स्वतःच्या बाजूनं एक शब्द न बोललेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला पाचवा भाग पाहायला सांगत होता.

पुढे मुंबईत मीटिंग झाली. कंपनीतल्या वरच्या लोकांचं म्हणणं पडलं की प्रामाणिक पंच हा काही धक्का नाही. पंचानं सुरा पाहिलेला असतो, पण कोर्टात तो घाबरून फिरतो, हा धक्का आहे. बाईंनी थोडा वाद घातला. मी त्या मीटिंगमध्ये होतो. मी समोरच्या बशीतलं बिस्किट घेतलं आणि सावकाश खाल्लं. एवढंच माझं त्या मीटिंगमधलं योगदान.

सिरीज तुफान चालली. पाचव्या भागाचा शेवट लोकांनी डोक्यावर घेतला. कोर्टात थरथरत खोटं बोलणाऱ्या त्या पंचाची क्लिप ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसायला लागली. समीक्षकांना त्यात ग्रामीण महाराष्ट्राचं दाहक वास्तव सापडलं. पुण्याच्या एका मित्रानं फोन करून विचारलं, "तुमच्याकडे अगदी असंच असतं ना रे?" आणि मी त्याला थँक्यू म्हणालो. हे आठवलं की अजून लाज वाटते.

गावात काय झालं ते आईकडून कळलं. मामांनी दुकानातला सर्वांत मोठा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता, हॉटेलातल्या खुर्च्या मांडल्या होत्या, रविवारी दुपारी गाव जमलं होतं. पाचवा भाग संपला. मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे हे खरंच होतं त." मामांनी टीव्ही बंद केला आणि खुर्च्या एकेक करून हॉटेलात परत नेऊन ठेवल्या. ज्या तरुण पोरांना ती जुनी भानगड ठाऊकही नव्हती, त्यांनाही ती आता ठाऊक झाली. माझ्या कृपेनं.

पंधरा दिवसांनी धीर करून मी गेलो. मामा एका रिमोटचं पोट उघडून बसले होते.

"मामा, मी तसं लिहिलं नव्हतं."

"शेवटी तुह्यं नाव होतं. म्या थांबवून वाचलं."

"हो."

"बदललं ते तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग नाव काऊन राहू देलं?"

मी मुंबई, नोकरी, घरभाडं असं बरंच काही बोललो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रिमोट जोडला, त्याचं बटण दाबून पाहिलं. "बाकी मुडद्यानं काम चांगलं केलं," ते म्हणाले. "सगळ्यात इमानदार तोच वाटला." मी हसलो आणि मग मला रडू आलं. मामांनी बाबारावांना हाक मारून चहा सांगितला. विषय तिथंच संपला, निदान त्यांच्या बाजूनं.

मुंबईला परतल्यावर मी कंपनीला लिहिलं की माझं नाव काढून टाका. तिथला माणूस चक्रावला. "लोक नाव टाका म्हणून भांडतात हो. तुमची तब्येत बरी आहे ना?" महिनाभर पाठपुरावा केल्यावर एकदाचं नाव निघालं. जगात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आईच्या मात्र आलं. तिनं ते नाव सगळ्या बचत गटाला दाखवून झालं होतं. "आता पाहुण्यायले काय दाखवू मी?" म्हणून ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

त्या दिवाळीला मी गावी गेलो. मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, त्यामुळे ती दुपार माझ्या मनात जशीच्या तशी बसली आहे. मोठा टीव्ही पुन्हा रस्त्याकडे तोंड करून होता आणि मामा माणसं हाका मारमारून बसवत होते. लोक कुरकुरत होते, "मामा, हे पाहून झालं ना आमचं." मामांनी गोष्ट लावलीच नाही. त्यांनी शेवटच्या भागातली नुसती नावांची यादी लावली आणि जागोजागी थांबवत, बोट ठेवत एकेक नाव मोठ्यानं वाचलं. हेअरड्रेसर, ड्रायव्हर, चहा देणारे, सगळे. यादी संपली तेव्हा त्यांचा चेहरा मुलगा पहिला आलेल्या बापासारखा फुलला होता.

"पाह्यलं? आपल्या पोराचं नाव नाही."

"काऊन? काढून टाकलं काय त्याले?" कुणीतरी विचारलं.

"त्यानं सोता काढून घेतलं. जे झालं नाही ते दाखवलं म्हून."

मला कुठं बघावं कळेना. पडद्यावर नाव नसल्याचा अभिमान बाळगणारे मामा हे पृथ्वीवरचे एकमेव प्रेक्षक असावेत. लोक माझ्याकडे बघत होते आणि मग एकेक करून मामांकडे बघायला लागले.

बाबाराव चहाची किटली घेऊन खुर्च्यांमध्ये उभे होते. त्यांनी किटली खाली ठेवली. खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले, ते कोरडेच होते तरी पुसत राहिले.

"सुरा म्याबी नव्हता पाह्यला," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्या कागद वाचलाच नाही. सही करून पळालो. मंग बोलायची हिंमत नाही झाली. लोकं याले फितूर म्हनत आन् मी ऐकून घेत जाओ. हा नव्हता फितूर झाला. मीच चूप राह्यलो."

मामा टीव्हीकडे तोंड करून उभे होते. पडदा काळा झाला होता आणि ते त्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांची पाठ हलत होती. बाबाराव जवळ गेले. त्यांनी दुकानाच्या काउंटरवरचा पेन उचलला आणि विचारलं, "लिहून देऊ काय?"

मामा वळले. त्यांनी बाबारावांच्या हातातून तो पेन काढून घेतला आणि खिशात ठेवला.

"नोको," ते म्हणाले. "तोंडी चालते."