डाव्या चाकातलं पाणी

माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला साधा माणूस समजून फसायला नको.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा मी नाशकात एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बाई बाळंतपणं करायच्या. गाडी त्यांच्या वडलांच्या वेळची, काळी, गोल पाठीची. अकरा वर्षं तिच्या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. दर मंगळवारी बाईंचा विंचूरला दवाखाना असे. पुढे त्यांनी शुक्रवारी नामपूरलाही जायचं ठरवलं आणि त्यासाठी मला न विचारता दुसरा ड्रायव्हर ठेवला. तो तिकडचाच, बागलाणातला. "त्याला तिकडची वाट माहीत आहे, बोली येते, आणि तुम्हालाही शुक्रवारी आराम मिळेल," बाई म्हणाल्या. मी कधी आराम मागितला होता?

तो तिशीचा, मी जेमतेम चाळिशीचा, आणि मला काका म्हणायचा. तेही चाललं असतं. पण बाई त्याला 'तू' म्हणायच्या. अकरा वर्षं मला 'तुम्ही' म्हणत आल्या, तो मी मान समजत होतो. आता स्वयंपाकघराच्या दारातून "अरे, जेवलास का?" असा आवाज ऐकला की माझा जळफळाट व्हायचा. मलाही विचारायच्या, नाही असं नाही. पण "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं की माणूस आपोआप "हो बाई" म्हणतो, आणि उपाशी घरी जातो.

शनिवारी सकाळी मी गाडी बघायचो. सीट मागे सरकवलेली, आरसा फिरवलेला. मी दोन्ही पहिल्यासारखं करायचो आणि दिवसभर धुमसायचो.

मग मी माझ्या परीने उत्तर काढलं. एरवी मी बंगल्यामागे बादलीने गाडी धुवायचो. आता मंगळवारी विंचूरहून आलो, बाईंना उतरवलं, की गाडी थेट गोदेवर. पुलाखालच्या उताराला ट्रकवाले, टांगेवाले आपापली वाहनं पाण्यात घालायचे. त्यांच्यात मीही गाडी तिरकी उतरवायचो आणि तासभर घासायचो. बुधवारी बाई म्हणायच्या, "काय चकाकतेय हो!" शुक्रवारी तीच गाडी नामपूरहून धुळीने माखून परत यायची. मला मनातून फार बरं वाटायचं.

दोनेक महिन्यांत पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. तो पहिल्यांदा त्यालाच ऐकू आला, हे माझं दुर्दैव. बाईंच्या देखत म्हणाला, "काका, डाव्या चाकात काहीतरी शे. वळणावर घुमतं."

"मला आठ दिवसांपासून माहीत आहे," मी म्हणालो. साफ खोटं.

नाशकातच, द्वारकेच्या चौकात आमचा नेहमीचा मिस्त्री होता. त्याने चाक उचलून हाताने फिरवलं, वरखाली हलवून पाहिलं. बेअरिंग गेलं होतं. गाडी म्हातारी, चालायचंच, म्हणून नवीन घातलं. दीड महिन्यात तेही गेलं. ह्या वेळी मिस्त्रीने स्वतःलाच दोष दिला. "नट जादा आवळला असेल माझ्याकडून," म्हणाला. मग नट आवळून, चाक फिरवून, पुन्हा जरासा सैल करून त्याने मला दाखवलं. चाकाचा दांडा वाकलाय का, तेही तपासलं. सगळं सरळ होतं. 

गंमत म्हणजे आवाजापेक्षा मला तारखांचाच आनंद होत होता. तो आला आणि चाक जायला लागलं, हे मी बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. "नव्या हाताला जुनी गाडी मानवत नाही," असं एक वाक्यच मी तयार करून ठेवलं होतं.

तिसऱ्या वेळी गाडी नामपूरच्या वाटेवर, देवळा गावाजवळ बसली. शुक्रवार होता. नामपूरला एक अडलेली बाई वाट बघत होती, आणि डॉक्टरीणबाईंना हातात पेटी घेऊन एसटीने जावं लागलं. बाळंतीण वाचली, मूलही वाचलं, पण बाई परत आल्या त्या ठरवूनच. शनिवारी गाडी ओढून आणवली आणि आम्हा दोघांना घेऊन द्वारकेला स्वतः आल्या. "आज कारण कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही," मिस्त्रीला म्हणाल्या. "आणि ज्याची चूक असेल त्याच्या हातात पुन्हा गाडी देणार नाही."

मिस्त्रीने चाकाच्या मधला, बेअरिंगचा हब उघडला. आतलं ग्रीस बोटावर घेऊन आमच्यापुढे धरलं. ते पिवळं राहिलं नव्हतं, ताकासारखं पांढरं झालं होतं, आणि त्यात बारीक वाळू होती.

"पाणी गेलंय बाई," तो म्हणाला. "लांबून पळून आलेली गाडी, हब तापलेला. तसाच गार पाण्यात बुडवला, की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. गाडी पाण्यात कोण घालतं?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. विंचूरहून तापून आलेली गाडी. नदीचा उतार. मी ती तिरकी उतरवायचो, तेव्हा पाण्यात बुडायचं ते नेमकं पुढचं डावं चाक. पूर्वी बादलीने धुवायचो तेव्हा काही झालं नव्हतं. तो आला म्हणून चाक जात होतं हे खरंच होतं, पण जात होतं माझ्या हातून.

"नामपूरच्या वाटेवर ओढ्यात दगडी फरशी आहे ना," मी म्हणालो. "तिच्यावरून पाणी वाहतं, बाई."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "घातलीस पाण्यातून?"

"पाणी शे फरशीवर," तो म्हणाला. "पण घोट्याएवढं. चाकाच्या मध्यापर्यंत नाही येत."

मिस्त्रीने उजवं चाकही उघडलं. तिथलं ग्रीस पिवळंधमक होतं. "फरशीवरून जाताना एकच चाक कसं भिजेल?" त्याने विचारलं.

"त्या फरशीला डावीकडे उतार आहे," मी म्हणालो. मी ती फरशी जन्मात पाहिली नव्हती.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. नव्या ड्रायव्हरनेही माझ्याकडे पाहिलं, पण माझं बोलणं खोडलं नाही. सोमवारी बाईंनी त्याचा हिशेब करून त्याला मोकळं केलं, आणि शुक्रवारही माझ्याकडे आला.

मी नदीवर जाणं बंद केलं. अर्थातच चाक टिकलं. वर्ष गेलं, दुसरं गेलं, बेअरिंगने हूं की चूं केलं नाही. बंगल्यात सगळे म्हणाले, बघा, त्याचाच हात वाईट होता. मीही मान डोलवायचो. बाई मात्र मला 'तुम्ही'च म्हणत राहिल्या, आणि शुक्रवारी नामपूरला बायका हटकून विचारायच्या, "तो आमचा पोऱ्या कुठे गेला, बाई?" तेव्हा तो नसतानाही मी त्याच्यावर जळायचो.

एका मंगळवारी विंचूरच्या कांदा बाजारासमोर तो भेटला. ट्रकवर होता. मी तोंड फिरवणार तोच त्याने हाक मारली, बळेबळे चहाला नेलं.

"काका, बाई बऱ्या शेत ना?"

"बऱ्या आहेत."

"आणि चाक?"

"चांगलं आहे."

"म्हणजे तुम्ही नदीवर जाणं सोडलं," तो म्हणाला.

मी बशी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"मी मंगळवारी तिथंच कपडे धुवायला यायचो. पलीकडच्या काठाला."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने चहावर फुंकर मारली. "तुम्ही गाडी पुसत होतात ते बघितलं होतं मी. इतक्या मायेनं कोणी पोटच्या पोराला नाही पुसत. मला काय, गावाकडं आई शे, थोडी जमीन शे. तुमच्याकडून गाडी गेली असती तर तुमच्याकडं काय राहिलं असतं?"

चहाचे पैसेही त्यानेच दिले. लाज वाटली, ती नंतर. आधी मला त्याचा हेवा वाटला. माझी नोकरी त्याच्या ओठांवर होती आणि त्याने ओठ उघडले नव्हते. एवढं मोठं मन ह्यालाच का मिळावं, असं वाटून मी जळलो.

परतताना ठरवलं, निफाड यायच्या आत बाईंना सगळं सांगायचं. निफाड गेलं. मग म्हटलं, चांदोरीला सांगू. चांदोरीही मागे पडली. तेवढ्यात मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "तो मुलगा गेल्यापासून गाडीनं एकदाही त्रास दिला नाही, नाही का हो? तुम्ही ओळखलंत म्हणून बरं झालं."

"हो बाई," मी म्हणालो.