काल इथंच होता

गणराजचं चांगलं चाललेलं मला बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काशीदला आम्ही दोघंही पाहुण्यांना फणसाडच्या जंगलात घेऊन जातो, शेकरू दाखवायला. वाट तीच, झाडं तीच, शेकरूही तेच. तरी मुंबईची माणसं परत आली की विचारतात, "गणराजदादा आहेत का?" मी समोर उभा असतो तरी!

त्याच्यात विशेष काय, ते मी बारा वर्षं शोधतोय. अंगानं काटकुळा, बोलायला जेमतेम. जंगलात शिरायच्या आधीच पाहुण्यांना सांगतो, "दिसंल, न्हायतर न्हाय दिसणार." असं सांगून कुणी धंदा करतं? माझी पद्धत वेगळी. दोन तास काहीच दिसलं नाही की मी एका जांभळीखाली थांबतो, वर बघतो आणि हळहळतो, "काल इथंच होता हो!" पाहुणे त्या रिकाम्या फांदीचे फोटो काढतात. खूश होऊन जातात आणि पुढच्या वर्षी गणराजला फोन करतात.

मागच्या थंडीत पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई त्याला सोबत म्हणून लडाखला घेऊन गेल्या, हिमबिबट्या बघायला. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. तो परतला तेव्हा सगळी आळी त्याच्या ओटीवर. मीही गेलो, तोंड हसरं ठेवून. तो म्हणाला, "बिबट्या काय दिसला न्हाय. बर्फात पावलं बघितली, एवढी." आणि पंजा पसरून दाखवला. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. त्याला दिसला नव्हता! म्हणजे मी बघून आलो की झालं.

मग सहल निवडायला बसलो. यातलं मला कळतं, जन्मभर तेच करतोय. तीन ठिकाणी फोन लावले आणि नेमकं विचारलं: गटात माणसं किती, वाटाड्या त्याच गावचा की बाहेरचा, लेहला पोचल्यावर विश्रांतीचे दिवस किती. पहिला, एक म्हातारा वाटाड्या, सगळी उत्तरं नीट देऊन म्हणाला, "दिसेलच असं नाही. आठ दिवस थंडीत बसायची तयारी असेल तर या." मला थेट गणराजच आठवला. फोन ठेवून दिला. दुसऱ्याचा गट वीस जणांचा. तिसरा मात्र छाती ठोकून म्हणाला, "शंभर टक्के दाखवतो."

"ह्याच्याकडंच जायचं," मी बायकोला म्हणालो.

विनिता तांदूळ निवडत होती. "अवो, जनावर काय त्याच्या दावणीला हाय व्हय? तुमीबी पावण्यांना आसंच सांगता ना?"

तिचं खरं होतं. पण मला बिबट्या बघायचा नव्हताच. बघितला म्हणून सांगायचं होतं, गणराजला, त्याच्याच ओटीवर बसून.

फेब्रुवारीत गेलो. सहा दिवस एका कड्यासमोर दुर्बिणीला डोळा लावून बसलो. नाकातलं पाणी मिशीवर गोठायचं. वाटाड्या गरम चहा द्यायचा, कड्याकडे बघून हळहळायचा आणि म्हणायचा, "कल यहीं था, साब." पहिल्या दिवशी मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. तिसऱ्या दिवशी ओळख पटली: ती हळहळ तंतोतंत माझी होती. चिडणार तरी कुणावर? निघताना त्या रिकाम्या कड्याचा फोटोसुद्धा काढला.

काशीदला एसटीतून उतरलो तर गणराज थांब्यावर उभा, माझीच वाट बघत. बॅग माझ्या हातातून घेतली. "सदा, दिसला काय रं?"

खोटं तयार होतं. येताना चार वेळा घोकलं होतं: संध्याकाळची वेळ, लांब शेपूट, जाताना एकदा वळून बघितलं. पण तो खरंच आतुर झाला होता. माझा हेवा करावा हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिथंच माझा सगळा घोटाळा झाला आणि बारा वर्षांची सवय तेवढी तोंडातून बाहेर पडली.

"काल तिथंच होता म्हनं," मी म्हणालो.

तो हसला नाही. बॅग खांद्यावर टाकून चालायला लागला. वाटेत म्हणाला, "मला निदान पावलं तरी दिसली. तुला तीबी न्हाय? वाईट वाटलं बग. फुडच्या टायमाला दोघं जाऊ."

त्याच्यात विशेष काय, ते मला तेव्हा कळलं. आणि आजवर कधी वाटला नव्हता एवढा त्याचा हेवा वाटला.