मनूचा बाबा

दुपारची भांडी आवरत होते, तेव्हा फोन आला. माझा धाकटा भाऊ विलास ज्या गोडाउनमध्ये सुपरवायझर होता, तिथला सलीम बोलत होता. "दीदी, विलासभाई को चक्कर आया है. आप जल्दी आ जाओ." काल्हेरच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली आणि सलीमने पुन्हा फोन उचलला नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली... मी पोचले तेव्हा विलास गेला होता. हृदयविकाराचा झटका. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस होता तो. कुणाच्याही हळदीत पहाटेपर्यंत नाचणारा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सुजाताला दिवस गेले, जुळी आहेत म्हटल्यावर दुपटी, टोपरी सगळं जोडीने घेऊन आला. पण ती वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी, आमची मनू, जगली. मुलगा दुसऱ्याच दिवशी गेला. विलास त्याला स्वतःच्या हातांनी पुरून आला, अंघोळ केली आणि सुजाताचा डबा घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. जो तो त्याला विचारी, "सुजाता कशी हाय?" तो सगळ्यांना सांगत राही.

मग हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. ड्युटीवरून आला की बिल्डिंगखाली गाडीवरच बसून राहायचा, डोक्यावर हेल्मेट तसंच. आमचे बाबा एकदा त्याला म्हणाले, "पोरीचा बाप हायस तू. असा बसून ऱ्हातोस? आमी न्हाय पोरं वाढवली?" बाबांनीही दोन लेकरं पुरलेली. त्यांच्याकडे याहून वेगळे शब्दच नव्हते.

शेवटी मी त्याला ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" विलास सुजाताच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल सांगू लागला.

"त्यांचं नाही, तुमचं सांगा."

तो टेबलाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला... परतताना म्हणाला, "ताई, आत कायतरी दगडासारखं बसलंय. रडूच येत न्हाय गं." मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

गोळ्यांनी बरं वाटायचं, मग तो त्या बंद करायचा, मग पुन्हा सुरू. शेवटचा भेटला तेव्हा मी तांदळाच्या भाकरी आणि सुकट नेलं होतं. खाऊन म्हणाला, "अजून हाय काय?" कितीतरी महिन्यांनी त्याने काही मागून घेतलं होतं. घरी येईपर्यंत मी त्याच आनंदात होते. पुढच्याच आठवड्यात सलीमचा फोन आला.

सध्या मी सुजाताकडे राहते. मनू आता तीन वर्षांची आहे, संध्याकाळी जेवली की पेंगते, पण झोपत नाही. सुजाता म्हणाली, "तिला हेच झोपवायचे. हातपाय धुवून तिच्याशेजारी आडवे व्हायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसतं थोपटायचे." मला हे ठाऊकच नव्हतं.

काल मी तिच्याशेजारी पडले, पाठीवर थोपटू लागले.

"असं न्हाय, आत्या."

मी हात हलका केला.

"असं पन न्हाय."

मग तिने माझा हात धरून स्वतःच्या पाठीवर नीट ठेवला, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिली...