द्राक्षबागेतले तपासणीकाका

तपासणीकाका कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघत. चहाची बशी, मिठाईचा खोका, लग्नाची पत्रिका, काहीही. मी पहिल्यांदा त्यांच्या रास्ता पेठेतल्या घरी गेले, तेव्हा माझं व्हिजिटिंग कार्डही त्यांनी असंच उलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे."

मी म्हटलं, "हो, सगळं पुढच्याच बाजूला छापलंय."

"ते दिसतंय मला. पण कोरी का ठेवली?"

बारा वर्षं मी लग्नांच्या फिल्म करते आहे. माणसं कशाकशाचा संशय घेतात ते मला चांगलं ठाऊक आहे. व्याही कॅटररवर घेतात, नवरीची आई पार्लरवाल्या बाईवर घेते, आणि आम्ही कॅमेरावाले सगळ्यांवरच घेतो. पण कोऱ्या पुठ्ठ्यावर संशय घेणारा माणूस तोपर्यंत माझ्या बघण्यात नव्हता. काका गेले त्याला आता दीड वर्ष झालं. अजून कोणाला कार्ड देताना घेणारा ते उलटं करतो का, इकडे माझं लक्ष जातं.

त्यांचं घराणं कोकणातून पुण्याला आलेलं, बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण बोलणं अस्सल पेठेतलं. खडकीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. तयार माल नाकारायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर नाकारायला माल उरला नाही, म्हणून ते भाजी, रिक्षाचं मीटर आणि माणसं तपासायला लागले. घरचे त्यांना तोंडावर तपासणीकाका म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. सगळ्यांत धाकटा भाऊ लवकर गेला, त्याची मुलगी नाओमी काकांनीच वाढवली. फिल्म करायची होती ती तिच्या लग्नाची. मुलगा रुबेन, त्याचे आईवडील इथलेच, पण तो लहानाचा मोठा इस्रायलमध्ये झालेला. लग्न सोलापूर रस्त्यावरच्या एका द्राक्षबागेत ठरलं होतं, कारण रुबेनला फोटोत वेली हव्या होत्या.

माझी मुलाखत सव्वा तास चालली. "तुम्ही केलेल्या लग्नांतली किती अजून टिकून आहेत?" काकांनी विचारलं.

"अहो काका, मी फिल्म करते. लग्नाची गॅरंटी देत नाही."

"तेच म्हणतो मी. गॅरंटी कोणीच देत नाही. म्हणून तर पुरावा लागतो."

मग त्यांनी अटी वाचून दाखवल्या. एक कॅमेरा विधी सुरू झाल्यापासून शेवटी नवरा पायाखाली काच फोडतो तोपर्यंत हलवायचा नाही, थांबवायचा नाही. त्याच्या चौकटीत अंगठी, नाओमीचं बोट आणि दोन साक्षीदारांचे चेहरे एकाच वेळी दिसले पाहिजेत. मध्ये फुलांची माळ येता कामा नये. त्यावर संगीत घालायचं नाही, शब्द ऐकू आले पाहिजेत. "तुमचं ते वर उडणारं यंत्र, हळू चालणारी माणसं वगैरे काय करायचं ते दुसऱ्या कॅमेऱ्यावर करा," ते म्हणाले. "हा कॅमेरा माझा."

मला तेव्हाच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. लग्नाचा अखंड, न कापलेला पुरावा कोणाला लागतो? ज्याला उद्या कोर्टात जायचंय त्याला. म्हाताऱ्याचा रुबेनवर विश्वास नाही, असा मी निष्कर्ष काढला. माझा जोडीदार कॅमेरामन विनायक तर म्हणाला, "बघ हां, ऐन मांडवात काहीतरी भानगड निघणार, आणि आपण साक्षीला जाणार." आम्ही दोघांनी करारात दोन कलमं वाढवली. काकांनी ती वाचली, कागद उलटा केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

खरं कारण कळलं ते जागा बघायला गेलो त्या दिवशी. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली होती, काका पुढच्या सीटवर पाठ ताठ ठेवून बसले होते. मी सरळच विचारलं, "काका, मुलगा पसंत नाही का तुम्हाला?"

"मुलगा उत्तम आहे. मी त्याच्या मोज्यांपर्यंत चौकशी केली आहे."

"मग एवढा पुरावा कशाला?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मोठी बहीण, ताई, तरुणपणी इस्रायलला गेली. तिथे नर्स झाली, तिथेच एका मुलाशी लग्न ठरलं. मुलगा दुसऱ्या देशातून आलेला ज्यू. लग्नाची नोंद करायला दोघं गेली, तर तिला विचारलं, तुम्ही खऱ्या ज्यू कशावरून? तुमच्या आईचं लग्न कोणी लावलं? आजीचं कोणी लावलं? साक्षीदार कोण होते? कागद दाखवा. ताईचं पत्र पुण्याला आलं तेव्हा काका अठरा वर्षांचे होते. आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, शोधत ते एकटे कोकणात गावोगाव फिरले. सापडला तेव्हा वाळवीनं साक्षीदारांच्या सह्याच खाल्ल्या होत्या. मुलाकडच्यांनी सात-आठ महिने वाट पाहिली, मग नाद सोडला. ताईनं परत कोणाचं स्थळ बघितलं नाही. तिकडेच राहिली, तिकडेच गेली.

"नाओमी तिकडे नांदायला जाणार आहे," काका म्हणाले. "तिच्या लग्नावर कोणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. एवढंच आहे." आणि लगेच ड्रायव्हरला म्हणाले, "अहो, तो सिग्नल हिरवा झालाय. का त्याचीही खात्री करून घ्यायची आहे?"

त्यानंतर मला त्यांच्या अटींचा राग येईना. पण बाकी कोणाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे लग्नाच्या दिवशी बागेतली सगळी माणसं त्यांच्यावर वैतागलेली होती. त्यांच्या मांडीवर चिकटपट्टीनं सील केलेला स्टीलचा डबा होता आणि तो ते कोणाच्या हातात देत नव्हते. बागेचे सुपरवायझर तिथल्याच गावचे, मोठे हौशी गृहस्थ. ते विधीत लागणाऱ्या वाइनची बाटली घेऊन पुढे आले. "सायेब, ही घ्या पूजेला. एकदम प्युअर माल हाय, आमच्याच रानातला."

"प्युअर असेल. पण द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीत भरेपर्यंत आमच्याच माणसाचा हात लागलेला हवा. तुमच्याकडे आमचं कोणी कामाला आहे?"

"न्हाई बा."

"मग ही तुम्ही प्या. माझ्या डब्यात मनुकांचं सरबत आहे, मी स्वतः केलेलं."

सुपरवायझरांनी सभोवार पसरलेल्या द्राक्षांकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. मनुका मंडईतून आणल्या होत्या हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं मन आधीच दुखावलं होतं.

आणि मग चूक झाली. ती काकांची नव्हती, माझी होती.

आम्ही प्रत्येक लग्नात मुख्य विधीची एक तालीम करतो. उजेड कसा पडतो, फोकस कुठे ठेवायचा, आवाज येतो का, हे आधी कळतं. नवरा मोकळा नसेल तर त्याच्या जागी एखादा मित्र उभा करतो. एका लग्नात तर मी नवरीकडून तिच्या मामालाच हार घालून घेतला होता आणि सगळे पोट धरधरून हसले होते. इथे विधीआधी रुबेननं नाओमीला बघायचं नव्हतं. म्हणून दुपारी चार वाजता मी त्याच्या चुलतभावाला, ठाण्याच्या जोएलला, हुप्प्याखाली उभं केलं. हुप्पा म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं कापड, त्याच्याखाली लग्न लागतं. नाओमी तयार होऊन आलीच होती. अंगठी सांभाळायला जोएलच्याच खिशात होती. काकांच्या अटीप्रमाणे दोन्ही साक्षीदारांना, सिनेगॉगमधल्या दोन वयस्क गृहस्थांना, मी त्यांच्या जागी आणून उभं केलं. ते बिचारे आपापसात गुडघ्यांच्या औषधांबद्दल बोलत होते.

"अंगठी घालतानाचं वाक्यपण म्हण," मी जोएलला सांगितलं. "माईक बघायचाय."

"डन! पाठ आहे मला, पुढच्या वर्षी माझाच नंबर आहे," जोएल म्हणाला, आणि अंगठी पुढे करून त्यानं ते हिब्रू वाक्य खणखणीत सुरू केलं.

माईक स्पीकरला जोडलेला होता. आवाज सगळ्या बागेत गेला. काका लांब, गाड्या लावल्या होत्या तिथे, कॅटररचे डबे मोजत होते. त्यांनी ते शब्द ऐकले आणि धावत सुटले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस वेलींच्या ओळींमधून वाकून धावताना मी बघितला. एक चप्पल वाटेतच राहिली. "थांब! जोएल, थांब! हात मागे घे!"

जोएल हसत म्हणाला, "चिल काका, जस्ट रिहर्सल आहे."

काकांनी त्याच्या हातातून अंगठी काढून घेतली. श्वास पुरत नव्हता, तरी तपासणी सुरू झाली. "किती म्हणालास?"

"अर्धं. अर्ध्याहून थोडं जास्त."

"बोटाला लागली अंगठी? नाओमी, तू सांग. लागली?"

नाओमीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं. एका साक्षीदारानंच मला हळू आवाजात सांगितलं. आमच्याकडे, ते म्हणाले, लग्न म्हणजे एवढंच. पुरुषानं दोन लायक साक्षीदारांसमोर अंगठी घालायची, वाक्य म्हणायचं, आणि मुलीनं ती घ्यायची. तालीम म्हणून केलं तरी उद्या कोणी शंका काढू शकतो की ही मुलगी आधी जोएलची बायको झाली. मग जोएलकडून रीतसर घटस्फोट घ्यायचा, धर्मपंडितांनी बसून खल करायचा, आणि तोवर हिचं लग्न अडकलेलं.

ज्या मुलीच्या लग्नावर कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून मला बोलावलं होतं, तिथे बोट ठेवायला जागा मीच करून देत होते. आणि चौकटसुद्धा अचूक लावली होती. अंगठी, बोट, दोन्ही साक्षीदार.

"दाखवा," काका म्हणाले. विनायकनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती क्लिप लावली. काकांनी ती तीनदा बघितली, अगदी नाक टेकवून. अंगठी बोटापासून चांगली वीतभर लांब होती आणि वाक्य पुरं व्हायच्या आत काकांची हाक ऐकू येत होती. दोन्ही साक्षीदारांनीही बघितली आणि माना हलवल्या. काही झालेलं नव्हतं.

"काका, मी पुसून टाकते ही," मी म्हटलं.

"पुसू नका. पुसलं की संशय येतो."

"अंगठी लागली असती तरी एवढं काही झालं नसतं कदाचित," एक साक्षीदार समजुतीनं म्हणाले.

"कदाचितवर मी पोरीचं लग्न लावत नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मी शिव्या खायच्या तयारीत होते. "बाई, तुम्हाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. अटींत लिहायला मी विसरलो." आणि कोणीतरी आणून दिलेली चप्पल त्यांनी आधी उलटी करून बघितली, मग पायात घातली.

संध्याकाळी लग्न लागलं. रुबेननं अंगठी घातली, मनुकांचं सरबत प्यायलं गेलं, काच फुटली, लोकांनी एकच गलका केला. काकांचा कॅमेरा एकेचाळीस मिनिटं जागचा हलला नाही, कारण काका स्वतः ट्रायपॉडला खेटून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून उभे होते. त्यामुळे त्या अख्ख्या फिल्ममध्ये ते कुठेच नाहीत. ज्या मुलीला वाढवलं, तिच्या लग्नात त्यांचा फक्त खोकला आहे, तोही एकदाच.

त्यानंतर आमची ओळख टिकली. नाओमी गेल्यावर मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची. ते माझ्या ऑफिसचा भाडेकरार तपासायचे, मी त्यांना फोनमधलं काहीबाही शिकवायची. फिल्मच्या तीन प्रती त्यांनी नाओमीबरोबर दिल्या होत्या, वेगवेगळ्या बॅगांत. तिकडे लग्नाची नोंद व्हायची होती, आणि ती होईपर्यंत त्यांना नीट झोप लागत नव्हती. मी गेले की ते हटकून विचारायचे, "त्यांनी म्हटलं की हा आवाज नंतर भरलाय, तर?" मग मी पुन्हा समजावून सांगायची.

नाओमीचा फोन आला तेव्हा योगायोगानं मी तिथेच होते. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, झाली नोंद! दोन मिनिटं लागली. केतुबा बघितला, शिक्का मारला, अभिनंदन म्हणाले."

"फिल्म दाखवलीस?"

"मागितलीच नाही त्यांनी."

"आईचं लग्न कोणी लावलं, आजीचं कोणी..."

"नाही हो काका. पुण्यात थंडी पडते का, एवढंच विचारलं. त्या बाईंना यायचंय म्हणे फिरायला."

ती हसत होती, खूश होती. काकांनी तिला तोंडभरून आशीर्वाद दिला, रुबेनची चौकशी केली, फोन ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस सुटला. मी म्हटलंही, "काका, आता पेढे काढा."

ते उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाही बहुधा ते नीट येत नव्हतं.

"मग आमच्या ताईलाच का विचारलं होतं हो?" त्यांनी मला विचारलं.