जर्मन गाडीचं ऑइल

बिडकीनला पैठण रस्त्यावर सांडू मिस्तरीचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर असो की जीप, ऑइलचा थेंब चिमटीत घेऊन चोळायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि ऑइल बरं की वाईट याचा निकाल द्यायचा, ही त्याची रीत. त्या निकालावर पंचक्रोशीत कुणी अपील केलं नाही. त्यामुळं गडी थोडा चढलाही होता, खोटं कशाला बोला!

मग जमिनी कारखान्यांना गेल्या, मोबदल्याचा पैसा आला आणि गावात जर्मन गाड्या आल्या. सर्व्हिसिंगला त्या थेट शहर गाठायच्या. सांडूच्या दारावरून धूळ उडवत निघाल्या की तो हातातला पाना ठेवून बघत राहायचा. नुसत्या ट्रॅक्टरवर किती दिवस निभणार?

एका सकाळी गावातले जमीनवाले नानासाहेब आपली जर्मन डिझेल गाडी घेऊन दारात उभे राहिले. हातात ऑइलचे दोन डबे.

"सांडू, दुकानदार म्हणतो दोन्ही एकाच ग्रेडचे. यातलं बरं कोणचं ते बघ अन् टाक."

सांडूनं दोन्ही चोळून पाहिली. दोन्ही सारखीच पातळ, सारखीच गुळगुळीत. पुन्हा चोळली. चहाला जमलेली मंडळी टक लावून बघत होती. वाटलं, दाखवावं बोट कुठल्या तरी एकाकडं. कुणाला कळणार आहे? पण गाडी बिघडली तर आयुष्यभर कमावलेल्या नावावर पाणी. आणि परत पाठवली, तर या गाड्या पुन्हा दारात यायच्या नाहीत.

घाम पुसून तो म्हणाला, "नानासाहेब, मला नाय कळत. भिकनला इचारतो."

भिकन त्याच्याच हाताखाली शिकून शहरातल्या मोठ्या गॅरेजात लागलेला. चारचौघांत चेल्याला विचारायचं म्हणजे सांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं फोन लावला.

"उस्ताद, चोळून नाय समजायचं," भिकन म्हणाला. "पातळपणा एकच, फरक ऑइल जळून मागं राहती त्या राखेत हाय. त्या गाडीच्या सायलेन्सरात काजळी धरायची जाळी असती. साध्या ऑइलची राख तिच्यात बसत जाती, मग जाळी तुंबती. गाडीच्या पुस्तकात कंपनीनं मंजूर केलेला नंबर असंल. तोच डब्याच्या मागं पाह्यजे."

इंग्रजी अक्षरांशी सांडूचं कधी जमलं नाही, पण आकडे त्याला कळत. पुस्तकात ५०७ ०० होतं. एका डब्यावर तो आकडा नव्हताच. दुसऱ्याच्या पाठीवर बारीक छपाईत सापडला. सांडूनं तेच ऑइल ओतलं.

नानासाहेब दोन्ही डबे उलटसुलट करून बघत राहिले. सांडूला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

"मागं शहरातल्या एका मिस्तरीनं लई ऐटीत टाकलं होतं, कुणाला न इचारता," नानासाहेब म्हणाले. "पुढं जाळी तुंबली. कामून, ते आज कळलं. घरच्या बाकीच्या दोन गाड्या उद्या पाठवतो. त्यांचंबी असंच इचारून टाक."

सांडूला एवढा आनंद झाला की इंजिनचं झाकण लावायचंच राहिलं. ते नानासाहेबांनी लावलं.